फिरत्या स्पीकरचा भास देणारं घरगुती पेडल: एक प्रकरण

मागणी एका वाक्यात मावणारी होती. अंतऱ्याला गिटारचा आवाज संथ झुलावा, मुखड्याला भरभर फिरावा, आणि संथाचं भरभर होताना मधला चढ ऐकणाऱ्यांना ऐकू यावा. वाजवणाऱ्याकडे चार टप्प्यांचा एक तयार फेजर, म्हणजे आवाज घुसळून झुलवणारं पेडल, होता. त्याला वेगाचा नॉब होता, पण गाणं चालू असताना वाकून नॉब फिरवायचा तर उजवा हात तारांवरून उचलावा लागतो. शिवाय नॉब फिरवून मिळणारा चढ हाताचा असतो, यंत्राचा नसतो. या मागणीवर बांधलेल्या एका पेडलची ही नोंद: काय ठरवलं, कोणते भाग लागले, कुठे अडलं आणि का.

नक्कल नेमकी कशाची

असा झुलणारा आवाज मुळात फिरत्या स्पीकरचा, आणि फिरता स्पीकर ही कॅलिफोर्नियाची वस्तू. डॉन लेस्ली यांनी हॅमंड ऑर्गनसाठी ती घडवली आणि १९४१ पासून ती विकली जाऊ लागली. पुढे नावाजलेल्या १२२ क्रमांकाच्या लेस्लीत ४० वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर असतो. साधारण ८०० हर्ट्झला आवाजाची फाळणी होते. वरचा भाग फिरत्या हॉर्नमधून बाहेर पडतो, खालचा भाग १५ इंची स्पीकरखाली फिरणाऱ्या ड्रममधून. हॉर्नला दोन तोंडं दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरं फक्त तोल सांभाळायला आहे. संथ गतीत हॉर्न मिनिटाला साधारण ४८ फेरे घेतो आणि जलद गतीत ४००. ड्रमचे आकडे साधारण ४० आणि ३४०.

कानावर तीन गोष्टी एकदम येतात: डॉपलरमुळे, म्हणजे आवाजाचा उगम जवळ-लांब जाण्यामुळे, सुराचं हलणं, आवाजाचा चढउतार, आणि भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे बदलणारा रंग. हॉर्नची त्रिज्या १८ सेंटिमीटर धरली तर ४०० फेऱ्यांना त्याच्या तोंडाचा वेग सेकंदाला साडेसात मीटर होतो. ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत तो २.२ टक्के, म्हणजे सूर दोन्ही बाजूंना साधारण ३८ सेंट हलतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ४८ फेऱ्यांना हेच हलणं साडेचार सेंटांवर येतं. संथ गतीत सूर हललेला कळतही नाही, रंगच बदलत जातो. जलद गतीत सूर थरथरतो. म्हणजे एकाच यंत्राचे हे दोन वेगळे आवाज आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला यंत्राला वेळ लागतो. हलका हॉर्न साधारण सेकंदाभरात वेग घेतो, जड ड्रमला चार-पाच सेकंद लागतात. आमच्या मते फिरत्या स्पीकरचा सगळा जीव या मधल्या वेळात आहे. बहुतेक घरगुती पेडलं आवाज घुसळण्यात खूप कष्ट घेतात, हा वेळ मात्र विसरतात, आणि म्हणून ती फेजरसारखी वाजतात.

हॉर्न आणि ड्रम दोन्हींची नक्कल करायची की एकाचीच? सीबीएसने १९६५ साली फेंडर आणि लेस्लीची कंपनी अशा दोन्ही विकत घेतल्या. १९६७ साली फेंडरच्या नावाने गिटारसाठी व्हायब्राटोन आला, त्यात १० इंची एकच स्पीकर आणि त्याच्यासमोर फिरणारा एकच ड्रम होता. गिटारच्या कानाला सवय आहे ती या एका चकतीची. म्हणून इथेही एकच आंदोलक, म्हणजे झुलण्याचा ताल देणारा भाग, ठेवला.

आवाज घुसळायला वाट धरली ती जपानच्या शिन-एई कंपनीच्या युनिव्हाइबची. फुमिओ मिएदा यांची ही रचना १९६० च्या दशकाच्या अखेरीची: मध्ये एक दिवा, भोवती चार प्रकाशसंवेदी रोधक, म्हणजे एलडीआर, आणि प्रत्येकाशी वेगळ्या मूल्याचा कपॅसिटर. ही मूल्यं आहेत १५ नॅनोफॅरड, २२० नॅनोफॅरड, ४७० पिकोफॅरड आणि ४.७ नॅनोफॅरड. इतकी विषम का, हे हिशेबाने कळतं. चारही कपॅसिटर सारखे ठेवले, तर मूळ आवाजात मिसळल्यावर दोन खाचा पडतात, म्हणजे दोन वारंवारतांना आवाज जवळपास नाहीसा होतो, आणि वरच्या खाचेची वारंवारता खालच्या खाचेच्या ५.८ पट असते. दोन्ही खाचा गिटारच्या पट्ट्यात शेजारी-शेजारी सरकतात, म्हणून फेजर ‘आ-ओ-आ’ असा बोलतो. विषम मूल्यांत, रोध १४.७ किलोओहम असताना, खालची खाच १६० हर्ट्झला पडते आणि वरची थेट ८,५०० ला, पन्नासपटीहून लांब. रोध १२५ किलोओहमपर्यंत चढला की वरची खाच १,००० हर्ट्झपर्यंत उतरते आणि खालची १९ हर्ट्झला, म्हणजे गिटारच्या ८२ हर्ट्झच्या जाड ई तारेच्या खूप खाली. मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच खाच फिरते. कानाला बोलणं ऐकू येत नाही, धपापणं ऐकू येतं.

बोर्ड

मूळ रचना ट्रान्झिस्टरांची आहे. इथे टीएल०७४ हा आयसी घेतला, दोन नग. एका नगात चार ऑपअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारे किंवा जसाच्या तसा पुढे देणारे भाग), असे आठ. आठही कामाला लागतात. एक इनपुट बफर, चार फेज-टप्पे, एक मिक्सर, एक आउटपुट बफर आणि एक अर्ध्या व्होल्टेजचा आधार देणारा. या आयसीत धन पुरवठा ४ नंबरच्या पिनला आणि ऋण ११ नंबरला असतो. टीएल०७२ ची सवय असलेले हात इथे हमखास चुकतात, तेव्हा सॉकेट बसवून आधी नुसत्या पिनांवर व्होल्टेज मोजावं, मग आयसी खोचावा.

पुरवठा नेहमीच्या ९ व्होल्ट, मध्य-ऋण अ‍ॅडॅप्टरचा. उलट्या जोडणीपासून वाचवायला १एन५८१७ डायोड. त्यानंतर लगेच दोन फाटे. एक ७८एल०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरकडे, नियंत्रक चिपसाठी. दुसरा ४७ ओहम आणि २२० मायक्रोफॅरडमधून टीएल०७४ कडे. एलईडीचा करंट पहिल्या फाट्यावरून घ्यायचा, दुसऱ्यावरून कधीही नाही. दोन १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडने अर्धा व्होल्टेज काढून तो आठव्या ऑपअ‍ॅम्पने बफर केला. डायोड आणि ४७ ओहममधली घट धरून हा आधार ४.५ नव्हे, ४.१ व्होल्टच्या आसपास दिसतो. तसा दिसला की पुरवठा बरोबर आहे.

इनपुटला १० नॅनोफॅरड, मग आधाराशी १ मेगओहम, मग बफर. प्रत्येक फेज-टप्पा असा: सिग्नल १० किलोओहममधून ऋण इनपुटला, तेवढाच १० किलोओहम आउटपुटकडून परत, आणि तोच सिग्नल ४.७ किलोओहम व एलडीआर यांच्या एकसर जोडणीतून धन इनपुटला, तिथून कपॅसिटर ग्राउंडला. या मांडणीत आधाराचा व्होल्टेज एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात आपोआप जातो, मध्ये कपॅसिटर लागत नाहीत. १० किलोओहमच्या जोड्या १ टक्क्याच्या मेटल फिल्म घ्याव्यात, कारण जोडी विषम झाली की टप्प्याचा गेन १ राहत नाही आणि खाच उथळ होते. टप्प्यांचा क्रम कसाही ठेवला तरी चालतो.

मिक्सरला मूळ आणि घुसळलेला सिग्नल प्रत्येकी ४७ किलोओहममधून, फीडबॅकला ३९ किलोओहम आणि त्याच्यावर समांतर ४७ पिकोफॅरड. मूळ सिग्नलच्या वाटेत एक छोटा स्विच: तो उघडला की मिश्रण जातं आणि नुसता व्हायब्राटो उरतो.

मिक्सरनंतर पाचवा एलडीआर, आवाजाच्या चढउतारासाठी. युनिव्हाइबमध्ये तो नाही, इथे मुद्दाम घातला. एलडीआरला समांतर २२ किलोओहम, ही जोडी सिग्नलच्या वाटेत, आणि पुढे २२ किलोओहम आधाराकडे. एलडीआर १० पासून १२० किलोओहमपर्यंत गेला की पातळी ३ डेसिबल हलते. जास्त हलवू नये, लगेच ट्रेमोलोसारखं वाजतं. दिशाही महत्त्वाची आहे. हॉर्न समोर येतो तेव्हा आवाज मोठा असतो आणि ध्वनीचा प्रवास सर्वांत कमी. वरच्या टप्प्यांत प्रकाश वाढला की विलंब घटतो, म्हणून मोठा आवाजही उजेडातच यायला हवा. पाचवा एलडीआर ग्राउंडच्या बाजूला लावला की हे नातं उलटं होतं.

सोल्डरिंग पुरवठ्यापासून सुरू करून टप्प्याटप्प्याने केलं. प्रत्येक टप्पा झाला की एलडीआरच्या जागी साधा २२ किलोओहम लावून गिटार वाजवून पाहिलं. शेवटचा बफर सोडून बाकी सात ऑपअ‍ॅम्पच्या आउटपुटला विनासिग्नल ४.१ व्होल्ट दिसले, तेव्हाच एलडीआर हातात घेतले.

प्रकाशाची डबी

जीएल५५२८ हा एलडीआर पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज आणि स्वस्त मिळतो, म्हणून वीस नग घेणं शहाणपणाचं. एकाच पाकिटातल्या दोन नगांच्या रोधात दुपटीचा फरक सापडू शकतो. शिवाय एलडीआरला स्मृती असते: ड्रॉवरच्या अंधारातून काढलेला नग आणि खिडकीशी ठेवलेला नग एकाच प्रकाशात वेगळा आकडा दाखवतो. म्हणून वीसही नग रात्रभर ट्यूबलाइटखाली ठेवले. मग काळ्या डबीत एलईडीला ठरावीक २ मिलिअँपियर देऊन, एकेक नग खोचून, मिनिटभर थांबून रोध मोजला आणि पायावर चिकटपट्टीने आकडा लावला. १५ टक्क्यांच्या आत बसणारे पाच निवडले.

एलईडी हिरवा घेतला. कॅडमियम सल्फाइडचा कान, म्हणू या, ५४० नॅनोमीटरला सर्वांत तिखट असतो आणि हिरवा त्याच्या जवळचा. ५ मिलिमीटरचा दुधी एलईडी मध्यभागी, १५ मिलिमीटरवर वर्तुळात पाच एलडीआर, वर काळ्या प्लॅस्टिकचं झाकण, एलडीआरच्या पाठीला काळी हीट-श्रिंक. पाठ उघडी ठेवली तर प्रकाश तिथूनही शिरतो.

आजचे एलईडी फार प्रखर आहेत. १२ मिलिअँपियरला एलडीआर २ किलोओहमपर्यंत खाली गेले, तेव्हा एलईडीभोवती ट्रेसिंग पेपरची नळी बसवली आणि आकडा १० किलोओहमवर येईपर्यंत थर वाढवले. त्याने प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो, हा आणखी फायदा. एलडीआर कापू, घासू किंवा जाळू नये. कॅडमियम विषारी आहे, खराब नग ई-कचऱ्यातच जावा.

एलईडीला करंट देतो तो बीसी५४७ ट्रान्झिस्टर: कलेक्टरला एलईडी, एमिटरला ३३० ओहम ग्राउंडला, बेसला नियंत्रकाकडून आलेला व्होल्टेज. नियंत्रक एटीटायनी८५. त्याच्या ६ नंबरच्या पिनवरून पीडब्ल्यूएम, म्हणजे कमी-जास्त रुंदीचे झपाट्याचे ठोके, निघतो, ४.७ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडमधून गाळला जातो आणि मग बेसला पोचतो. ही गाळणी ३४ हर्ट्झची आहे: ६.७ हर्ट्झचं आंदोलन जवळपास तसंच जातं, ३१ किलोहर्ट्झचे ठोके हजाराव्या हिश्शावर येतात. पीडब्ल्यूएमने एलईडी थेट चालू-बंद करण्याचा सोपा मार्ग टाळावा. ग्राउंडमध्ये मिलिअँपियरचे ठोके सोडले की ते कुठल्या ना कुठल्या वाटेने गिटारच्या सिग्नलपर्यंत पोचतात.

वेगाच्या फूटस्विचसाठी ५ नंबरची पिन; स्विच क्षणिक दाबाचा, आत पुल-अप, स्विचची दाबतानाची थरथर गाळायला २० मिलिसेकंदांचं डिबाउन्स. २ आणि ३ नंबरला दोन पॉट: जलद वेग आणि खोली. बायपासला नेहमीचा ३पीडीटी. दोन फूटस्विच मावायला साधारण १२० × ९५ मिलिमीटरची डायकास्ट डबी लागली.

पहिल्यांदा चालू केल्यावर

दोन तक्रारी एकदम आल्या. एक बारीक शिट्टी सतत वाजत होती, गिटारचा आवाज शून्यावर नेला तरी तशीच. आणि झुलणं इतकं संथ की एका फेरीला साधारण दहा सेकंद लागत होते. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये शिट्टीचं टोक ३.९ किलोहर्ट्झला दिसलं.

दोन्ही तक्रारी मिळून निदान करतात. एटीटायनी८५ कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा आतला ८ मेगाहर्ट्झचा ठोका आठाने भागलेला असतो. सीकेडीआयव्ही८ नावाचा फ्यूज, म्हणजे चिपच्या आतला एक सेटिंगचा बिट, तसा लावलेला असतो. म्हणजे चिप १ मेगाहर्ट्झवर चालते. पीडब्ल्यूएमची एक फेरी २५६ ठोक्यांची. ८ मेगाहर्ट्झला ती ३१.२५ किलोहर्ट्झ झाली असती, कानापलीकडची. १ मेगाहर्ट्झला ३,९०६ हर्ट्झ झाली, कानाला सर्वांत टोचणारी. गाळणीतून उरलेला तिचा अंश प्रकाशात आणि वायरींत शिरला. आणि ०.८ हर्ट्झचं झुलणं आठाने भागून ०.१ हर्ट्झ, म्हणजे बरोबर दहा सेकंद. फ्यूज बदलल्यावर दोन्ही तक्रारी एका झटक्यात गेल्या. नुसती शिट्टी आली असती तर ग्राउंडिंगच्या मागे दोन दिवस गेले असते, म्हणून असे दोष जोडीने पाहायची सवय लावावी.

तिसरा दोष धडकी भरवणारा होता. प्रत्येक फेरीला स्पीकरचा कोन पुढे-मागे सरकताना डोळ्यांनी दिसत होता, आणि जलद गतीत अ‍ॅम्प्लिफायर धडधडत होता. तारा हाताने दाबून धरल्या तरी फरक नाही. मल्टिमीटर डीसीवर ठेवून एकेक आउटपुट तपासला. इनपुट बफर ४.१ व्होल्टवर स्थिर, चारही टप्पे स्थिर, मिक्सर स्थिर. शेवटच्या बफरवर मात्र काटा श्वास घेत होता: २.२ पासून ३.१ व्होल्ट आणि परत, झुलण्याच्या तालात. पाचव्या एलडीआरनंतरचा २२ किलोओहम आधाराऐवजी ग्राउंडला सोल्डर झाला होता. बोर्डावर दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी होत्या. त्यामुळे एलडीआर सिग्नलबरोबर ४.१ व्होल्टच्या डीसीचाही चढउतार करत होता, ०.७६ पटीपासून ०.५४ पटीपर्यंत, म्हणजे ०.९ व्होल्टचा हेलकावा. आउटपुटचा कपॅसिटर डीसी थांबवतो, हेलकावा थांबवत नाही. पट्टी बदलली आणि कोन शांत झाला.

लंगडं झुलणं

आता आवाज स्वच्छ होता, तरी झुलणं लंगडत होतं. फेरीतला बराच वेळ आवाज वरच्या बाजूला रेंगाळायचा आणि मग एकदम खाली डुबकी मारून परत यायचा. चिपमधलं आंदोलकाचं कोष्टक, म्हणजे फेरीतल्या प्रत्येक क्षणाच्या प्रकाशाचे आकडे, तर शुद्ध साइनचं होतं.

कारण एलडीआरच्या स्वभावात आहे. त्याचा रोध प्रकाशाच्या प्रमाणात सरळ बदलत नाही, गुणोत्तराने बदलतो. प्रकाश १२ वरून ६ मिलिअँपियरवर आला काय किंवा ०.४ वरून ०.२ वर आला काय, रोध तेवढ्याच पटीने बदलतो. साध्या साइनमध्ये प्रकाशाचा मध्य ६ मिलिअँपियरला पडतो, म्हणून अर्ध्याहून जास्त फेरी रोधाच्या तळाशीच जाते आणि अंधाराची बाजू क्षणात उरकते. जुन्या युनिव्हाइबमधला तारेचा दिवा हे काम आपोआप करत असे: त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने वाढतो आणि तार थंड व्हायला वेळ घेते. ज्यांना प्रोग्रामिंग नको त्यांनी आजही छोटा दिवाच वापरावा. एलईडीला हा स्वभाव कोष्टकातून द्यावा लागतो.

कोष्टक असं बदललं की प्रकाशाचा लॉगरिदम साइनने हलेल. वरचं टोक १२ मिलिअँपियर, खालचं ०.२, आणि मध्य ६ ऐवजी त्यांच्या भौमितिक मध्यावर, १.५५ मिलिअँपियरवर. २५६ पायऱ्यांच्या पीडब्ल्यूएममध्ये हे आकडे साधारण ३५ ते २५० मध्ये बसतात. खालचे ३५ वाया जातात, कारण ट्रान्झिस्टरचा बेस ०.६ व्होल्टच्या आसपास पोचेपर्यंत करंटच वाहत नाही. कोष्टक शून्यापासून सुरू केलं असतं तर प्रत्येक फेरीत दिवा काही काळ पूर्ण विझला असता.

याने लंगडणं गेलं, पण अंधाराच्या टोकाला बारीक पायऱ्या ऐकू येऊ लागल्या. एक पायरी म्हणजे साधारण ६० मायक्रोअँपियर. १२ मिलिअँपियरजवळ ती नगण्य, ०.२ जवळ जवळपास तिसरा हिस्सा. उपाय असा केला: कोष्टक १६ बिटांचं, वरचे ८ बिट पीडब्ल्यूएमला, आणि खालच्या ८ बिटांची बाकी पुढच्या मिलिसेकंदाच्या आकड्यात मिळवायची. गाळणी आणि एलडीआर मिळून मधल्या पायऱ्या पुसून टाकतात.

चढ आणि उतार

मागणीचा गाभा हा, आणि पहिल्या प्रयत्नात इथे काहीच घडलं नाही. फूटस्विच दाबला तरी वेग बदलेना. स्विच चालत होता, पिन वाचली जात होती, लक्ष्य बदलत होतं.

आंदोलक १६ बिटांच्या मोजणीवर चालतो आणि दर मिलिसेकंदाला त्यात ठरावीक भर पडते: ०.८ हर्ट्झला ५२, ६.७ हर्ट्झला ४३९. वेग हळूहळू बदलणारी, जडत्वाची कोडातली ओळ सोपी होती:

वेग = वेग + ((लक्ष्य − वेग) >> ९)

म्हणजे ९ बिटांची सरक: उरलेल्या फरकाचा ५१२ वा भाग दर मिलिसेकंदाला. पण उरलेला फरक जास्तीत जास्त ३८७. पूर्णांकात ३८७ भागिले ५१२ म्हणजे शून्य. वेग जागेवरून हलणार कसा? दोन्ही आकडे ६५,५३६ ने गुणून ३२ बिटांत ठेवले, वापरताना वरचा भाग घेतला, आणि पहिल्याच दाबाला चढ ऐकू आला.

मग आकडे कानाने ठरवले. चढाला ९ ची सरक, म्हणजे कालांक अर्ध्या सेकंदाचा. दीड सेकंदात वेग ९५ टक्के पोचतो. उताराला १० ची सरक, तीन सेकंदांत तेवढाच. हॉर्नच्या सेकंदभरात आणि ड्रमच्या चार-पाच सेकंदांत मधली जागा आहे. दोन्हीकडे सारखा वेळ ठेवून पाहिला तेव्हा चढ बरा वाटला, पण उतार ब्रेक लावल्यासारखा झाला. फिरत्या जड वस्तूचा उतार लांबलाच पाहिजे, नाहीतर कान फसत नाही. आणखी एक पथ्य: वेग बदलताना मोजणी शून्यावर आणायची नाही. चकती जिथे असेल तिथूनच पुढे फिरते. मोजणी शून्य केली की प्रत्येक दाबाला आवाजात उडी ऐकू येते.

चढ मिळाला तसा नवा दोष उघडा पडला. जलद गतीत खोली कमी होत होती. जीएल५५२८ ला प्रकाशामागे धावायला साधारण २० मिलिसेकंद लागतात आणि अंधारामागे ३०. संथ फेरी सव्वा सेकंदाची, तिथे हे जाणवत नाही. जलद फेरी १५० मिलिसेकंदांची. अंधार पुरता पोचायच्या आत उजेड परत येतो. म्हणून जलद गतीत खालचं टोक ०.२ ऐवजी ०.०८ मिलिअँपियरपर्यंत ताणलं, आणि हा ताण लक्ष्याशी न जोडता चालू वेगाशी जोडला. वेग चढत जाईल तशी खोली भरत जाते. स्विच दाबताक्षणी खोली बदलली असती तर चढाचा सगळा भास फुटला असता.

डबी बंद केल्यावर आवाज पुन्हा बदलला, खोली वाढली. टेबलावर जुळवलेले आकडे खोलीतल्या उजेडाने मिंधे होते. प्रकाशाच्या डबीच्या खालच्या कडेतून तो शिरत होता. कडेला काळं सिलिकॉन भरलं, पेडलवरच्या लाल निर्देशक एलईडीच्या पाठीला हीट-श्रिंक चढवली आणि सगळी जुळवणी झाकण लावून पुन्हा केली. पेडल साखळीत ओव्हरड्राइव्हनंतर (आवाज खरखरीत करणारं पेडल) आणि डिलेच्या आधी (प्रतिध्वनी देणारं पेडल) ठेवलं. ओव्हरड्राइव्ह नंतर आला तर तो तीन डेसिबलचा चढउतार दाबून सपाट करतो.

मंडपातला उन्हाळा

शेवटचा दोष घरात कधीच दिसला नसता. पंख्याखालच्या खोलीत जुळवलेलं पेडल उन्हाळ्यातल्या दुपारच्या मंडपात फिकं वाजलं. संथ झुलणं उथळ झालं होतं. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने घटतो. वीस अंशांचा फरक म्हणजे ४० मिलिव्होल्ट, आणि ३३० ओहमवर तेवढ्याने करंट ०.१२ मिलिअँपियरने वाढतो. वरच्या १२ मिलिअँपियरला त्याचं काहीच नाही, पण खालचं टोक ०.२ वरून ०.३२ वर गेलं. अंधार पुरेसा अंधार राहिला नाही.

खात्री करायला हेअर ड्रायरचा मंद झोत नुसत्या बीसी५४७ वर धरला आणि ३३० ओहमवरचा व्होल्टेज पाहिला. कोष्टकाच्या खालच्या टोकाला थांबवलेला आंदोलक, मीटरवर ६६ मिलिव्होल्ट, आणि झोत सुरू होताच आकडा सरकू लागला. उपाय म्हणून दोन ऑपअ‍ॅम्पच्या एलएम३५८ चा एक अर्धा मध्ये घातला: धन इनपुटला गाळणीतून आलेला व्होल्टेज, ऋण इनपुट थेट ३३० ओहमच्या वरच्या टोकाला, आउटपुट बेसला. इथे एलएम३५८ च लागतो, कारण त्याचे इनपुट ग्राउंडपर्यंत काम करतात. टीएल०७४ चे करत नाहीत. दुसरा अर्धा बफर म्हणून ग्राउंडला बांधून ठेवला. आता ट्रान्झिस्टरचे ०.६ व्होल्ट ऑपअ‍ॅम्पच सांभाळतो, म्हणून कोष्टक नव्याने मोजावं लागलं: ०.२ मिलिअँपियरला साडेतीनच्या आसपास, १२ ला २०२. झोत पुन्हा धरला. मीटर ६६ वरून हलला नाही.